टाकीचा घसारा

"बाई, डोकं सांभाळा. आधी पाय आत घाला, मग वाका," तपासनीस आतून ओरडला.

हिशेबनीस बाईंनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट केला आणि टाकीच्या बुडाशी असलेल्या गोल भोकातून आत शिरल्या. टाकी रिकामी करून धुतली होती, आतली हवाही तपासून झाली होती. तरी तेलाचा वास लोखंडात मुरलेला होताच.

तेल कंपनीच्या कचेरीत बाई स्थिर मालमत्तेचं काम बघत. टाक्या, पंप, जमिनीखालचे नळ, म्हणजे जे विकायला नाही, वर्षानुवर्षं राबवायला घेतलंय ते सगळं. दरवर्षी त्या प्रत्येक वस्तूचा घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, काढत. वस्तू मात्र एकही पाहिलेली नव्हती. ही टाकी मोडायचं ठरलं तेव्हा त्या साहेबांकडे गेल्या.

"मला एकदा जाऊन बघू द्या."

"टाकीत काय बघायचंय?" साहेब हसले.

"ती झिजते कुठून, ते."

हे खरंच होतं, पण अर्धं. ही टाकी जोडणाऱ्या वेल्डरांत त्यांचा नवरा होता, हे त्या बोलल्या नाहीत.

घरात या टाकीवरून कायम थट्टा चालायची. जेवताना नवरा विचारायचा, "काय गं, यंदा माझ्या टाकीतलं किती खाल्लंस?"

"दरवर्षी खाते तेवढंच."

"अगं, ती ठणठणीत उभी आहे. तेल पहिल्याइतकंच मावतंय. मग किंमत कमी कशी होते?"

"असं बघा, तुम्ही बूट घेतलेत. चार वर्षं घालणार. मग सगळा खर्च पहिल्याच वर्षाच्या बोडक्यावर कशाला? चौघांना वाटून द्यायचा. टाकीचंही तसंच."

"आणि चार वर्षांनंतरही बूट टिकले तर?"

"तर घालायचे. माझ्या पुस्तकात संपले, तुमच्या पायात नाही."

नवरा खूश व्हायचा. "मग माझी टाकी तुझ्या पुस्तकाला पुरून उरेल बघ!"

तसंच झालं. पुस्तकातली तिची वर्षं सरली. पुढे नवराही दुखण्यातून उठला नाही. टाकी तेल साठवत राहिली.

आता तपासनीसाने दिव्याचा झोत पायाशी टाकला. तळाच्या पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते.

"तेलात थोडं पाणी असतंच. ते जड, म्हणून खाली बसतं आणि लोखंड खात राहतं. वरून कळत नाही."

बाई खाली बसल्या. एका खड्ड्यात बोट घातलं, टोक बुडालं. इतकी वर्षं आपण कागदावर सारखे भाग पाडत होतो, आणि हे इथे आपल्या मर्जीने, कुठे जास्त, कुठे कमी, चाललं होतं. त्यांना मोठी गंमत वाटली.

"आणि भिंती?"

"भिंती बऱ्या आहेत. छप्पर मात्र तळासारखंच गेलंय."

"जोड कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

तपासनीसाने वळून पाहिलं. "तुमच्या खात्याला जोडांचं काय करायचंय?"

"खात्याला काही नाही. मलाच."

त्याने खांदे उडवले आणि भिंतीवरून दिवा फिरवला. दोन पत्र्यांमधली जाड शिवण उजेडात आडवी धावत गेली, वळली, पार मागे जाऊन दिसेनाशी झाली. त्याने हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहिलं. प्रत्येक वेळी आवाज खणखणीत आला.

"पत्रा झिजला, पण जोड एकही सुटलेला नाही. हात चांगला होता कुणाचा तरी," तो म्हणाला. "चला, कापणारे खोळंबलेत."

तो आधी बाहेर पडला. बाई भोकापाशी थांबल्या. हातमोजा काढून त्यांनी तळवा शिवणीवर ठेवला आणि हळूच काही बोलल्या. पोकळ टाकीत ते भिंतीभिंतीने फिरलं.

"काय म्हणालात?" तपासनीसाने बाहेरून डोकावून विचारलं.

"तुम्हाला नाही," बाई म्हणाल्या, आणि हातमोजा चढवून बाहेर यायला वाकल्या.