चंपाचा जामीन

पितळेची पातेली अकरा, तांब्याचे हंडे चार, समया दोन, रेशमी साड्या एकवीस, शिवणयंत्र एक, रेडिओ एक आणि भिंतीशी रचलेल्या गाद्या तीन. एवढं आंदण दिवाणखान्यात जाजमावर मांडलं होतं. गाद्यांच्या पलीकडे, रांगेच्या शेवटी, चंपा उभी होती. राजलक्ष्मीने सगळं एकदा मोजलं, मग दुसऱ्यांदा मोजलं. चंपाला सोडलं तर नग त्रेचाळीस होत होते, धरलं तर चव्वेचाळीस.

चामराजपेटेतल्या जुन्या मराठा घरांत लग्नाआधी दोन-दोन महिने आंदण असं मांडून ठेवत आणि ओळखीपाळखीच्या बायका ते बघायला येत. गोजराबाई आत्या एकेक पातेलं टिचकीने वाजवत रांगेच्या शेवटापर्यंत आल्या. त्यांनी चंपाची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"सकवार, ही ठकूची ना गं? ठकू तुझ्याबरोबर आंदणात आली, तेव्हा तीही अशीच बुजरी होती."

"हो, वन्सं. ठकू गेली तेव्हा ही आठ वर्षांची होती. इथेच वाढली," राजलक्ष्मीची आई म्हणाली.

"दात चांगले आहेत हो. राजीच्या नातवंडांपर्यंत टिकेल."

बायका हसल्या. चंपाही हसली, चार माणसं हसली की आपणही हसायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

राजलक्ष्मी रसायनशास्त्राची पदवीधर होती. आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही, तराजू काय दाखवतो ते लिहायचं, एवढं कॉलेजने तिला पक्कं शिकवलं होतं. चंपा तिच्याहून दोन वर्षांनी लहान. घरात सगळे 'आपली चंपा' म्हणत, तीही म्हणायची, आणि त्या 'आपली'त काय काय येतं याचा विचार तिने कधी केला नव्हता. त्या दिवशी तो आकडा समोर आला आणि जाता जाईना.

संध्याकाळी तिने वडिलांना गाठलं. येसाजीराव चिकपेटेत कापडाचे ठोक व्यापारी. मऊ आवाजाचा माणूस, नोकरावर कधी हात न टाकलेला. ते आणि त्यांचे वकीलमित्र भीमाचार्य कॉफी घेत बसले होते.

"अण्णा, मी चंपाला नेणार नाही."

"बरं, नको नेऊस. धाकटीच्या लग्नात देऊ."

"देऊ म्हणजे? ती काय हंडा आहे? माणूस असा देता-घेता येत नाही, घटनेत लिहिलंय."

येसाजीराव हसले. "आचार्य, आता तुम्हीच निस्तरा. हिला कॉलेजात घाला म्हणून माझ्या मागे तुम्हीच लागला होतात."

भीमाचार्यांनी पेला खाली ठेवला. "बाळ, घटनेची मनाई जबरदस्तीला आहे. चंपाला साखळी आहे का? खोलीला कुलूप आहे का? तू कोर्टात जाऊन म्हणणार, ही गुलाम आहे. कोर्ट विचारणार, मालक कोण? तर माणसाला मालक असूच शकत नाही असं कायदाच सांगतो. मालक नाही, म्हणजे गुलामही नाही. संपला खटला. आणखी स्वल्प कॉफी मिळेल का?"

"आणि उद्या ती आपणहून निघून गेली तर?"

"जाऊ दे की," येसाजीराव म्हणाले. "दार उघडंच आहे."

राजलक्ष्मीने हे वाक्य जसंच्या तसं खरं धरलं.

यशवंतपुराला तिच्या एका मैत्रिणीच्या मावशीचा उदबत्तीचा कारखाना होता. तिथे काम करणाऱ्या मुलींना राहायला खोली मिळायची. सगळं ठरवून राजलक्ष्मी मागच्या दारी गेली. चंपा भांडी घासत होती.

"मी जायचं? एकटीने?" चंपाने दोनदा विचारलं. मग होकार भरत म्हणाली, "सरी, अक्का. पण याचं काय?" आणि तिने राखेने भरलेला पाय पुढे केला.

पायात चांदीचा भरीव वाळा होता. दुसऱ्या पायातही तसाच. आंदणी, म्हणजे आंदणात द्यायची मुलगी, नऊ वर्षांची झाली की घरचा सोनार तिच्या पायांत वाळे घालून सांध्याला डाग द्यायचा, म्हणजे मग ते निघायचा प्रश्न नाही. पोर वाढे, वाळा वाढत नसे. राजलक्ष्मीने हे वाळे इतकी वर्षं पाहिले होते, की आंदणाच्या मोजणीतही ते तिच्या नजरेतून सुटले होते.

"ते तुझेच आहेत," ती म्हणाली. "दहा वर्षं तुझ्या पायांत आहेत. दुसऱ्या कोणाचे असणार?"

"आईचे काढून घेतले होते. ती गेली त्या दिवशी. आधी सोनार आला, मग तिरडी बांधली."

"ते जुनं झालं गं."

"कापून ठेवून जाऊ का?"

"सोनार घरचा आहे. तो आला की अण्णांना कळलंच. तू अशीच जा."

चंपाने हात धुतले आणि ती तशीच गेली.

पुढच्या रविवारी राजलक्ष्मी यशवंतपुराला जाऊन आली. चंपाच्या बोटांना कोळशाच्या भुकटीचा काळा रंग चढला होता आणि ती कधी नव्हे इतकी बोलत होती. "अक्का, इथलं काम संपतं! संध्याकाळी भोंगा होतो आणि संपतं. मग काय करायचं ते कुणी सांगतच नाही. काल मी नुसती पायरीवर बसले. कुणी ऊठ म्हणालं नाही. मग मलाच कसंतरी वाटलं, म्हणून मी अंगण झाडलं."

दोघी हसल्या. मंगळवारी पोलिसांनी चंपाला कारखान्यातून नेलं. फिर्याद येसाजीरावांची होती: नोकराने मालकाच्या घरातून चांदी चोरली.

"तुम्ही म्हणालात, दार उघडं आहे!"

"आहेच की. मी तिला परत ये म्हटलंय का?" येसाजीरावांचा आवाज जराही चढला नाही. "मी फक्त माझी चांदी मागतोय. ती द्यावी आणि खुशाल जावं."

"ती पाय कापून देणार का, अण्णा?"

"ते आता कोर्ट बघेल."

त्या शनिवारी महिला समाजात राजलक्ष्मीचं व्याख्यान ठरलेलं होतं. विषय होता घरच्या घरी साबण. साबण बाजूला ठेवून आंदणींवर बोलायचं तिने ठरवलं. तिच्या माहितीतल्या एक्केचाळीस जुन्या घरांपैकी नऊ घरांत आंदणी होत्या. नावं न घेता हे सांगायचं, आणि मग चंपाचं. पण अध्यक्षीणबाईंनी तिला दारातच बाजूला घेतलं.

"साबणावर बोल बाई, नाहीतर बोलूच नकोस. आचार्यांचा निरोप आलाय. खटला कोर्टात आहे, सभेत त्याची वाच्यता झाली तर कोर्टाचा अवमान होतो म्हणे. तुला धरतील आणि समाजालाही ओढतील."

"मग चंपाचं नाव घेत नाही. प्रथेबद्दल बोलते."

"अगं, मग तर बसलेल्या निम्म्या बायका उठून जातील. माझ्याकडे आहे ना म्हातारी गंगव्वा! माझ्या तोंडावर म्हणणार आहेस का?"

एका मराठी साप्ताहिकाच्या संपादकांनीही तेच सांगितलं, फक्त खुर्ची पुढे करून. निकाल लागेपर्यंत काही छापता यायचं नाही. म्हणजे बोलायला एकच जागा उरली होती, ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. तिथे निदान खरं सांगायची शपथ तरी घालतात, असं तिने स्वतःला समजावलं.

कोर्टात चंपा कठड्याला धरून उभी होती. तिच्या बाजूने वकील नव्हता. राजलक्ष्मीला फिर्यादीच्या बाजूने भीमाचार्यांनी फार सौम्यपणे विचारलं, "हे वाळे कोणी करवले?"

"अण्णांनी. माझ्या वडिलांनी."

"चांदी कोणाची?"

"त्यांचीच. पण—"

"आरोपीला ते घेऊन जायला कोणी सांगितलं?"

"मी."

"वडिलांना विचारून?"

"नाही. ते तिच्या पायांत डाग देऊन बसवले होते. ते ठेवून जाणं तिला शक्यच नव्हतं. ती नोकर नाही, आंदणी आहे. तिला पगार कधीच—"

मॅजिस्ट्रेटनी हात वर केला. "बाई, पगाराची तक्रार वेगळी, त्यासाठी वेगळं कोर्ट. इथे चोरीचा प्रश्न आहे. विचारलं तेवढंच सांगा." टंकलेखकाकडे वळून त्यांनी इंग्रजीत जबानी सांगितली. चांदी फिर्यादीची, परवानगी घेतलेली नव्हती, एवढी दोन वाक्यं त्यात आली. आंदणी हा शब्द आला नाही. खोटं असं त्या कागदावर काहीच नव्हतं, सगळं राजलक्ष्मीनेच सांगितलेलं. तिने सही केली.

चंपाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अक्का जा म्हणाल्या. मी गेले."

गुन्हा शाबीत झाला. पण मॅजिस्ट्रेट कनवाळू होते. मुलगी लहान आहे, पहिलाच गुन्हा आहे, तुरुंगात टाकून तिचं आयुष्य नासवण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले. अशांना चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचा नवा कायदा झाला होता. मात्र पक्का पत्ता असलेला जामीनदार हवा होता, आणि तीन वर्षं तिने त्याच्या देखरेखीखाली, त्याच पत्त्यावर राहायला हवं होतं.

"मी राहते जामीन," राजलक्ष्मी उठून म्हणाली.

"आपला स्वतःचा पत्ता?"

तिचा स्वतःचा असा पत्ता नव्हता. आज वडिलांचा होता, पंधरा दिवसांनी तुमकूरला सासऱ्यांचा झाला असता.

येसाजीराव हळूच पुढे आले. घरात वाढलेली पोर आहे, म्हणाले, मनात काही ठेवलेलं नाही. मॅजिस्ट्रेटनी त्यांच्या मोठ्या मनाची निकालपत्रात नोंद केली. चंपाने अंगठा उठवला. परवानगीशिवाय घर सोडलं तर शिक्षा भोगावी लागेल, हे तिला कन्नडमध्ये समजावून सांगण्यात आलं. "सरी," ती म्हणाली.

वऱ्हांड्यात राजलक्ष्मीने भीमाचार्यांना अडवलं. "आता खटला संपला. आता मी बोलू शकते."

"कशावर बोलणार, बाळ? कोर्टाने तिला चोर ठरवलंय. ती चोर नाही, गुलाम आहे, असं तू भर सभेत म्हणालीस तर तुझ्या वडिलांची बदनामी होते. आणि मॅजिस्ट्रेट अन्यायाला सामील झाले असा अर्थ निघाला, तर कोर्टाची." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी तुला भीती घालत नाही. कायदा सांगतोय."

वाळे मुद्देमाल म्हणून जमा करायचे होते. पोलिसांनी बोलावलेल्या सोनाराने ते कानशीने घासून तोडले आणि कोर्टाच्या हुकुमाने ते येसाजीरावांना परत मिळाले. घरी आल्यावर सकवारबाईंनी विचारलं, "पुन्हा घालायचे का हिला?"

"नकोत," येसाजीराव अंगरखा उतरवत म्हणाले. "आता काय गरज? कोर्टाचा कागद आहे."

चंपा स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती. कानशीने पायाला दोन ठिकाणी खरचटलं होतं. राजलक्ष्मीने गरम पाण्याने दोन्ही पाय धुतले, पुसले आणि खोबरेल लावलं.

"हलकं वाटतंय का गं?"

"काय की, अक्का. पडेन असं वाटतंय."

आतून सकवारबाईंनी चंपाला हाक मारली. ती उठायला लागली.

"थांब जरा," राजलक्ष्मी म्हणाली. शिंप्याची फीत आणून तिने चंपाच्या पायांची मापं घेतली आणि वहीत लिहून ठेवली.

डावा पाय: वाळ्याच्या जागी घेर सतरा सेंटिमीटर, तीन बोटं वर एकवीस. उजवा पाय: वाळ्याच्या जागी साडेसोळा, तीन बोटं वर एकवीस.