लेट गाडीचं नाटक

स्टेशन मास्तरांना एकाच गोष्टीचा धसका होता, तो म्हणजे संध्याकाळची गाडी वेळेवर येण्याचा. कारण गाडीच्या उशिरापायीच त्यांच्या घरात सुख नांदत होतं.

झालं होतं असं, की इथे बदली झाल्यापासून बायको गप्प गप्प असायची. मग एकदा घरी जायला ताटकळलेल्या शाळेतल्या बाई, कंपाउंडर आणि पोस्टमन यांना तिने वेटिंग रूममध्ये बसवलं आणि हौसेने एक नाटक बसवायला घेतलं. गाडी येईपर्यंत रोज तालीम. गाडी आली की मंडळी वाक्य अर्धवट टाकून डब्यात. प्रयोग कधी झालाच नाही, तिसऱ्या अंकाला तर कुणी हातही लावला नव्हता. पण बायको हसायला लागली होती. मास्तर तिकिटांच्या खिडकीतून ऐकायचे आणि मनोमन इंजिनाचे आभार मानायचे.

तेवढ्यात वरून निरोप आला, की थांबा तोट्यात आहे, बंद करणार. मास्तरांनी लगेच हिशेब मांडला. थांबा गेला की बदली, बदली झाली की नाटक गेलं, आणि बायको पुन्हा तोंड मिटून बसणार. पण नशीब बघा, त्याच सुमारास या मार्गावर सांस्कृतिक पर्यटन फुलवायला एक साहेब नेमले गेले. त्यांनी तालीम पाहिली आणि ते भारावलेच. प्रवाशांनी वाट बघता बघता कला घडवली, हेच पर्यटकांना दाखवायचं, म्हणाले. वेटिंग रूमला रंग लागला, छोटासा रंगमंच झाला. आणि पर्यटकांची गैरसोय नको म्हणून साहेबांनी खटपट करून गाडी वेळेवर आणवली. आता या शहाण्या माणसाला काय म्हणावं!

उद्घाटनाला गाडी अगदी ठरल्या वेळी आली. एका दाराने पर्यटक उतरले, दुसऱ्या दाराने नटमंडळी चढली. त्यांचा तरी काय दोष? घरी जायला तीच शेवटची गाडी. साहेब भाषणाचा कागद धरून उभे, आणि रंगमंचावर बायको एकटी. तिचा चेहरा मास्तरांना बघवेना. उभ्या नोकरीत त्यांनी गाडी कधी अडवली नव्हती. आज त्यांनी सिग्नल दिलाच नाही.

गार्ड येऊन भांडला, प्रवासी ओरडले, मास्तर ढिम्म. शेवटी मंडळी चडफडत खाली उतरली, आणि उतरलोच आहोत तर म्हणून सवयीने संवाद सुरू झाले. पहिला अंक झाला, दुसरा झाला. तिसरा हातात पुस्तक धरून वाचला. भांडायला आलेला गार्ड पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

थांबा वाचला. साहेबांचा सत्कार झाला. नव्या वेळापत्रकात तर या स्टेशनावर गाडीचा नाटकापुरता मुक्कामच छापून आला. आणि गाडी विनाकारण अडवली म्हणून मास्तरांची बदली झाली, लांबच्या जंक्शनला.

त्यांनी ट्रंक भरायला घेतली. बायको दारात उभी होती. तिचे कपडे वर ठेवावेत म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"माझे राहू देत," ती म्हणाली. "साहेबांनी मला वेटिंग रूममागची खोली दिलीय. रविवारी प्रयोग आहे."

मास्तरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. ट्रंकेचं झाकण लावलं. मग म्हणाले, "आणि मी?"

"तुम्ही या ना बघायला," ती हसून म्हणाली. "आता गाडी वेळेवर असते."