माती खाणारी सून

चंद्राला माहेरच्या दारात सोडताना तिचा नवरा भरमू गाडीवरून उतरलासुद्धा नाही. "हिला बाहेरचं झपाटलंय. चुलीची माती खाती, काम हुईत न्हाय," एवढे बोलून त्याने बैल निपाणीच्या वाटेला वळवले.

मनुबाई लेकीकडे बघतच राहिली. पोर पांढरीफटक पडली होती, पावले सुजली होती, उंबरा चढतानाही तिला धाप लागत होती. पाठीवर भूत उतरवणाऱ्या देवर्षीच्या फोकाचे वळ होते.

मनुबाईने तिला चिकोडीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि काड्यापेटीत शौच आणायला सांगितले. मायलेकी लाजेने अर्धमेल्या झाल्या, पण आणले. यंत्राच्या नळीला डोळा लावून डॉक्टर म्हणाले, "भूत नाही, जंत आहेत. घाणीच्या ओल्या जमिनीतून अनवाणी पायांवाटे शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. अंगात रक्त नाही, म्हणून हिला माती खावीशी वाटते. औषध पुन्हा घ्यावे लागेल. तोवर जड काम नको."

पहिल्या औषधाने पुष्कळ जंत पडले. चंद्रा भाकरी मागून खाऊ लागली. तेवढ्यात तंबाखूची काढणी आली आणि सासू जयाबाई न्यायला आली.

"औषध ऱ्हायलंय इहीणबाई, थोडं दीस ठेवा," मनुबाई काकुळतीला आली.

"मग ऱ्हाऊ द्या कायमची. भरमूला दुसरी बघतो."

चंद्राचा बाप गुंडू मान खाली घालून म्हणाला, "दिलेली लेक हाय. धाड तिला."

तंबाखूच्या रानात डोक्यावर ओझे असतानाच चंद्रा कोसळली. ती पुन्हा उठली नाही.

दिवसकार्य उरकताच जयाबाई धाकटी सून दुर्गा हिला घेऊन आली. भरमूसाठी तिला चंद्राची धाकटी बहीण हवी होती. गुंडूने पानाचे तबक पुढे केले. मनुबाईने ते मागे ओढले.

"माझी पोर न्हाय मिळायची. चंद्राला भुतानं न्हेलं न्हाय. औषधावरनं उठवून तुमी तिला रानात घातलीसा."

जयाबाई तोंडाला येईल ते बोलू लागली. मनुबाईचे तिकडे लक्षच नव्हते. दुर्गा भिंतीला टेकून धापा टाकत होती. तिची नखे कागदासारखी पांढरी होती आणि ओठांच्या कडेला माती लागली होती. मनुबाईने तिचा हात घट्ट धरला.

"हिला म्या उद्या दवाखान्यात न्हेणार."

"सोड तिला! माझी सून हाय ती!" जयाबाई ओरडली.

"चंद्रा बी तुमचीच सून हुती," मनुबाई म्हणाली, आणि तिने हात सोडला नाही.