दिसायला देखणं जाळं

मी जाळं बोलतंय. समुद्रात फेकतात ते ऐसपैस जाळं नव्हे. गळाला लागलेला मासा ओढ्यातून अलगद उचलायचं, हातभर दांड्याचं जाळं. माझं लाकूड वाकवणाऱ्या सुताराच्या हातात जादू होती. पिशवी मात्र त्याने जाड दोऱ्याची, गाठीगाठींची लावली. तिथेच माझं नशीब फुटलं.

माझे मालक दातांचे डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, गळाला पिसांची खोटी माशी बांधून मासा धरायचा आणि लगेच सोडून द्यायचा, हा त्यांचा छंद. दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं, की सोडायचा असेल तर मऊ रबराची पिशवी घ्या. गाठींनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, मग तो जगत नाही. पण ते रबराचं जाळं म्हणजे अगदीच ध्यान! रोज लोकांच्या तोंडात डोकावून आतली कीड शोधणारा हा माणूस माझ्या वरच्या रूपावर भाळला.

वापरायची तर आणखीच तऱ्हा. मला आधी पाण्यात बुडवून स्थिर धरावं, मासा डोक्याकडून माझ्यावर आणावा, एवढंच तर काम. पण हे मला उगारून त्याच्या शेपटीमागे धावतात. मासा बिचारा दमून जातो, मग माझ्यात कोंबला जातो. त्याचे खवले माझ्या गाठींना चिकटतात आणि मी नुसतं चडफडत राहतं. सांगणार कोणाला?

परवा त्यांच्या पत्नीही आल्या होत्या. खालच्या वळणावर पाण्यात पाय सोडून बसल्या. डॉक्टरांनी मासा सोडला आणि मजेत गेला म्हणून खूश झाले. थोड्या वेळाने बाई ओंजळीत मासा घेऊन आल्या. पोट वर करून वाहत आला होता.

"हा दुसराच कुठला तरी असेल," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी तो माझ्या पिशवीवर ठेवला. त्याच्या कुशीवरच्या चौकटी माझ्या चौकटींशी तंतोतंत जुळल्या.

"दातांचे ठसे रोज घेता ना? मग हा ठसा कशाचा, तुम्हीच सांगा."

मला वाटलं, चला, आता पिशवी बदलणार.

कसलं काय! त्यांनी मला दवाखान्याच्या भिंतीवर टांगलं. पेशंट माझ्या लाकडाची तारीफ करतात आणि डॉक्टर ऐटीत सांगतात, "या जाळ्यात आजवर एकही मासा मेला नाही." समोर बसलेल्या त्यांच्या पत्नी मान खाली घालतात.

अहो, तोंड उघडून खुर्चीत बसणाऱ्यांनो, कौतुक पुरे झालं. कोणीतरी कात्री आणा, ही पिशवी कापून टाका आणि मऊ रबराची लावून मला पुन्हा ओढ्यावर न्या. एक तरी मासा माझ्या हातून जिवंत सुटू दे.