जोडीचा जॉब

त्या सत्रात मेकॅनिकलच्या वर्कशॉपला लोखंड आलंच नाही, म्हणून आम्हाला स्वतःलाच घासायला सांगितलं. ढगे सरांनी फळ्यावर आकृती काढली. जोडीतल्या एकीनं दंडावर चौकोनी खाच करायची. दुसरीनं त्या खाचेत घट्ट बसेल एवढा उंचवटा अंगावर राखायचा आणि आजूबाजूचं घासून काढायचं. दोघी एकमेकींत बसल्या की पास. जोडी जमली नाही, तर जॉब, म्हणजे घासलेली मुलगी, भंगाराच्या पिंपात. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. आधीच्या सत्रात लाकूड आलं नव्हतं, तेव्हा सुतारकामाला मुलांनी गुडघे वापरले होते.

माझी जोडी हेमांगीशी. होस्टेलवर आमची खोली एक, बादली एक, आणि दिवाळीला मी तिच्याच घरी जायचे. खाच झाल्याशिवाय उंचवट्याचं माप मिळत नाही, त्यामुळे कुणीतरी आधी स्वतःला कापून घ्यायला हवंच होतं.

"तू आधी कर गं," हेमांगी म्हणाली. "मी काय, तुझ्या मापानं बसेन."

मी हुरळून गेले. असं कुणी आजवर मला म्हटलं नव्हतं. लगेच दंड शिकंज्यात आवळला आणि कानस चालवायला घेतली. दुखलं नाही. राखाडी कीस पडत होता, तो हेमांगी झाडून घेत होती आणि मधूनमधून खाचेत बोट घालून बघत होती. अजून थोडं, म्हणायची. मी अजून थोडं घासायचे. शेवटी ढगे सरांनी कोपरे काटकोनात आहेत का ते गुण्या लावून बघितलं आणि काम झकास झालंय म्हणाले. ढगे सर सहसा कुणाला झकास म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी हेमांगी खोलीवर नव्हती, वर्कशॉपलाही आली नाही. ती बी.एड.ला गेलीय, असं शिपायानं सांगितलं. आमचं विद्यापीठ म्हणजे एकच लांबलचक इमारत. एका टोकाला आम्ही, मधे लेखनाचा वर्ग, दुसऱ्या टोकाला बी.एड. त्या दिवसापासून व्हरांडा माझ्यापुरता वाढायला लागला. सकाळी निघाले ती तिच्या दारात पोचेपर्यंत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. इतर मुली मात्र बोलत बोलत शेजारून पुढे जात होत्या.

हेमांगी साडी नेसून उभी होती. अंगावर कानशीचा ओरखडासुद्धा नव्हता. मला बघून ती घसा खाकरून म्हणाली, "वाटा वेगळ्या झाल्या तरी तुझ्या रितेपणात माझी सावली सदैव नांदेल."

हेमांगी असं बोलत नाही. माफीसुद्धा तिनं लेखनवाल्यांकडून लिहून आणली होती, आणि 'रितेपणात'ला चक्क अडखळली. मला रडू फुटलं. खाचेचं काही नाही, पण निदान दोन शब्द तरी स्वतःचे आणायचे होते.

बी.एड.ला जायचं कधी ठरलं, मी विचारलं. आधीच ठरलं होतं, म्हणाली.

"मग 'अजून थोडं' का म्हणत होतीस?"

"परीक्षेच्या पाठाला वर्गात दाखवायचं साधन लागतं गं. विकतचं चालत नाही. आपल्या देखरेखीखाली तयार झालेलं असलं की मार्क चांगले पडतात."

परत फिरायचं तर व्हरांडा आणखी लांबलेला, आणि त्याच्या टोकाशी पिंप. ढगे सरांनी झाकण उघडून ठेवल्याचं इथूनही दिसत होतं. पिंपापेक्षा हे बरं ना, हेमांगीनं विचारलं. मी तिच्यामागून गेले. अजूनही मला वाटत होतं की पाठ संपला की ती पदर खोचेल आणि माझं माप घेईल.

पाठ सहावीच्या वर्गावर होता. तिनं मला फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं. परीक्षक मागच्या बाकावर बसले. हेमांगीनं छडीचं टोक माझ्या खाचेवर ठेवलं.

"सांगा बरं मुलांनो, इथं काय बसत असेल?"

कुणी डबा म्हणालं, कुणी कुलूप, कुणी चिमणी. मी हेमांगीकडे बघत राहिले. तिला उत्तर माहीत होतं.

"शाब्बास," ती म्हणाली. "काहीही बसू शकतं."

साधनाचं काम झालं की ते मुलांच्या नजरेआड करायचं, असा त्यांच्यात नियम आहे. तिनं मला भिंतीकडे तोंड करून फिरवलं आणि हात मोकळा हवा म्हणून डस्टर माझ्या खाचेत ठेवून दिला. तो चपखल बसला. मग ती खडूनं लिहीत सुटली. फळा काठोकाठ भरला, तेव्हा तिनं डस्टर ओढला. निघेना. मागचे परीक्षक खाकरले. तिनं भिंतीला पाय लावून पुन्हा ओढला.

"सोड गं," ती माझ्या कानाशी म्हणाली. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं.

मी धरलेलंच नव्हतं.