डावीकडचं हसू

किन्हीराजा गावच्या विजयमालेच्या ओठाचा डावा कोपरा जन्मापासून वर चढलेला होता. उजवीकडून पाहिलं तर पोरगी अगदी गरीब गाय. डावीकडून पाहिलं तर समोरच्याची टर उडवतेय असंच वाटायचं. मागच्या खेपेला एका पाहुण्याने आपल्या मेलेल्या बैलाची हकीकत सांगितली आणि मुलगी हसली म्हणून पानसुपारी न घेताच तो उठला. अशी चार स्थळं मोडली. आता रिठदचं स्थळ हुकलं तर बाप तिला चाळिशीच्या बिजवराला देणार होता.

म्हणून रंगूआत्याने बसायच्या जागा नीट आखल्या. विजयमालेचा पाट उत्तरेकडे तोंड करून मांडला आणि पाहुण्यांची सतरंजी तिच्या उजव्या हाताला घातली. पण नवरदेवाचा काका जानराव बसता बसता उठला. शुभकामाला आपलं तोंड पूर्वेला हवं, असं म्हणत त्याने सतरंजी ओढून थेट डाव्या बाजूला नेली. आत्याने कपाळाला हात लावला.

नवरदेव इंद्रभान भारी बोलका. त्याने आपल्या आळशी बैलाचा किस्सा काढला. तो बैल म्हणे अंगावरच्या माश्यासुद्धा जोडीदाराच्या शेपटीने उडवून घेतो. जानरावाने हे शंभरदा ऐकलेलं; तो जांभई देऊन आढ्याकडे पाहू लागला. इंद्रभानने विजयमालेकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"पोरीले समजलं," तो म्हणाला. "मले पसंत हाय."

गप्प बसली असती तर काम फत्ते होतं. आत्या डोळ्यांनी तेच बजावत होती. पण आपण हसतोय असं समजून हा भला माणूस जन्मभर किस्से सांगत राहणार, हे विजयमालेला सोसवेना.

"मी हासली नाई," ती मान खाली घालून म्हणाली. "माहं तोंडच असं हाय."

इंद्रभान जरा वरमला. मग म्हणाला, "असू दे. आमच्या घरी तर या गोष्टीवर कोनाचं अर्धं तोंडई हासत नाई."

झालं, उजवा कोपराही वर गेला. विजयमालेने तोंडात पदर कोंबला तरी हसू आवरेना.

जानराव दचकून वळला. "आता कोनाले हासून राह्यली हे?"

"मले," इंद्रभान छाती काढून म्हणाला, आणि त्याने तिच्या बापाला लग्नाची तिथी विचारली.