दोडक्याचा नियम

राजमतीच्या घरात माळ्यावर एक गिझर होता. नवाकोरा, खोक्यातला, वॉरंटीसुद्धा खोक्यातच संपलेला. पुण्याच्या लेकानं, जिनेंद्रनं, आईसाठी म्हणून पाठवला होता. तिच्या नवऱ्यानं, धनपालअण्णांनी, खोकं चारी बाजूंनी न्याहाळलं, "खोकं मजबूत हाय" एवढा अभिप्राय दिला आणि ते माळ्यावर चढवलं. त्याच्यावर पापडाचा डबा बसला आणि विषय संपला.

अण्णांनी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीचं स्टोअर सांभाळलं होतं. उभा जन्म दुसऱ्याचे नटबोल्ट राखण्यात गेला, तो निवृत्त झाल्यावर एकदम कसा सुटणार? कसबा बावड्यातल्या आपल्या घराचे ते स्टोअरकीपर झाले. थंडीत स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालायचे, तेही कालचं; आजचं अजून वाचायचं असायचं. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही हा धर्माचा नियम ते मनापासून पाळत. पण त्यात लाइटबिलही वाचतं, हे त्यांनी एकदा बस्तीत, म्हणजे आपल्या जैन मंदिरात, मोठ्यानं बोलून दाखवलं, तेव्हा पंडितजींना ठसका लागला होता.

स्लॅबवर रंगाच्या फुटक्या बादल्या, कुणीतरी टाकलेलं सिंक, खताची पोती, जे मिळेल त्यात अण्णांनी भाजी लावली होती. माती शेजारच्या बनाबाईच्या शेतातली, शेण बनाबाईच्याच म्हशीचं, कौतुक मात्र स्वतःचं. आणि आंघोळीचं पाणी बंबात. राजमतीच्या सासूच्या वेळचा तांब्याचा बंब परसात उभा होता. त्याला लागणारं सरपण अण्णा फुकटात जमवायचे. उसाची चिपाडं, नारळाच्या करवंट्या, फाउंड्रीनं टाकून दिलेल्या लाकडाचे तुकडे. सरपण फुकट, बंब फुकट. पेटवणारी राजमती, तीही फुकटच.

पहाटे उठायचं, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, एकेक चिपाड फरशीवर आपटून बघायचं. मुंगी, किडा, कोळी काही निघालं तर ते चिपाड बाजूला ठेवायचं. जीव मारायचा नाही. मग फुंकर. मग धूर. अण्णांची बचत सगळ्या बावड्याला माहीत होती. तिचा धूर मात्र एकट्या राजमतीच्या डोळ्यांत जायचा.

"अक्का," एकदा भिंतीपलीकडून बनाबाई ओरडली. बनाबाईला हळू बोलता येत नसे, तशी तिला गरजही पडली नव्हती. "माझी म्हस खोकाय लागली की तुमच्या धुरानं! त्यो गिझर कवा लावतासा?"

उत्तर अण्णांनी दिलं. "बनाबाई, आमच्या घरात विजेचं पाणी न्हाय आणि विकतची भाजी न्हाय. ज्या दिवशी विकतची भाजी ह्या उंबऱ्याच्या आत येईल, त्या दिवशी गिझर लावतो. शब्द हाय माझा."

"ऐकलंसा न्हवं, अक्का? मी साक्षीला हाय."

राजमतीनं ते ऐकून ठेवलं. बाईमाणूस चिपाडासारखं शब्दही वाळवून ठेवतं, कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही.

त्या पावसाळ्यात दोडक्यानं उच्छाद मांडला. सिंकमध्ये लावलेला एक वेल कठड्यावर चढला, तिथून कपड्यांच्या दोरीवर, दोरीवरून पाण्याच्या टाकीवर. वांगी त्याच्या सावलीत पिवळी पडली, मेथी उगवून गुदमरली. राजमती म्हणाली, थोडा छाटू या. अण्णा दचकले. फळता वेल छाटायचा? पाप तर खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे नुकसान.

मग काय, दोडका. दाण्याचं कूट घालून, मुगाची डाळ घालून, नुसता परतून. राजमती मुकाट करत होती, अण्णा मुकाट गिळत होते. त्यांना दोडका जन्मात कधी आवडला नव्हता. पण फुकटच्या भाजीला नाव ठेवणार कसं? तोंडानं सांगायची सोय नव्हती आणि जीभ तर ऐकत नव्हती.

अशात भाद्रपद आला, जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व आलं. पर्वात मुनिमहाराजांसमोर उभं राहून काहीतरी सोडायचा नियम घेतात. कुणी गोड सोडतं, कुणी वर्षभरासाठी एखादं फळ. अण्णांचा यातला इतिहास मोठा होता. एका वर्षी त्यांनी काजू सोडले, एका वर्षी सफरचंद, एकदा हॉटेल. यातलं काहीच त्यांनी कधी धरलेलं नव्हतं.

या खेपेला ते उठले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "महाराज, वर्षभर दोडक्याचा त्याग!"

बायकांच्या रांगेत राजमतीनं पदर तोंडाला लावला. शेजारणीला वाटलं, नवऱ्याच्या त्यागानं बाईला भरून आलं.

पर्व सरलं. दुसऱ्या दिवशी राजमतीनं स्वतःपुरता दोडका चिरला आणि त्याच्या शिरा काढल्या. त्या तव्यावर कुरकुरीत भाजल्या. तीळ, खोबरं, हिरवी मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटल्या. वास ओसरीपर्यंत गेला आणि अण्णांना उठवून घेऊन आला. दोडक्याच्या शिरांची चटणी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. टाकायच्या वस्तूतून निघालेली आणि पहिल्या घासाला भाकरी संपवणारी. काटकसरी माणसाला याहून मोठं पक्वान्न कुठलं?

हात ताटाकडे गेला आणि मधेच थांबला.

"ही कशाची?"

"शिरांची."

"कशाच्या शिरांची?"

"भोपळ्याला असत्यात व्हय शिरा?"

अण्णा ताटावरून उठले. मग चप्पल घालून तडक बस्तीत गेले. पंडितजी सतरंजीची घडी घालत होते.

"पंडितजी, मी सोडलाय दोडका. शिरा तर आपण काढून टाकतो. जी वस्तू टाकायची, ती खाल्ली तर नियम कसा मोडंल?"

पंडितजींनी घडी पुरी केली. "अण्णा, तुम्ही दोडका सोडलाय का दोडक्याचं पोट सोडलंय?"

अण्णा घरी आले. भाकरी दह्याशी खाल्ली. नियम मोडायचा विचार त्यांच्या मनात आला नाही, हे राजमतीनं बघितलं. चिकट माणूस खरा, पण शब्दालाही तेवढाच चिकट. म्हणून तर तिची सगळी भिस्त त्या दुसऱ्या, गिझरच्या शब्दावर होती. स्लॅबवर दोडक्याशिवाय काही उरलं नव्हतं, आता विकतची भाजी येणारच होती. तिनं पापडाचा डबा गुपचूप खाली काढून ठेवला.

पण अण्णा कडधान्यावर उतरले. आज मटकी, उद्या मसूर, परवा हुलगा. थंडी पडली तसं हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं रोजचं झालं. "अंगात ऊब धरतंय," अण्णा म्हणायचे, "स्वेटर घालायचं काम न्हाय." माडग्यानं ऊब धरली, पण तोंडाची चव गेली. हिरव्या पानाच्या आठवणीनं अण्णा बनाबाईच्या म्हशीपुढच्या वैरणीकडंसुद्धा बघायला लागले.

मग एका सकाळी ते मेथीची जुडी हलवत आत आले. राजमतीचं काळीज उडालं.

"विकत आणलीसा?"

"पैसा गेला का? न्हाय. बनाबाईला दोडकी दिली, तिनं मेथी दिली. विकत कसली ही?"

राजमती तशीच भिंतीपाशी गेली. "बने, तू कुणाच्या बाजूची गं?"

"मी भाजीच्या बाजूची," बनाबाई दात काढत म्हणाली. "अण्णांची दोडकी बाजारात अशी उडत्यात म्हणून सांगू! अक्का, तुमचं भांडण चांगलं वर्षभर चालू दे."

झालं. एकीकडं दोडकी जायला लागली, दुसरीकडून मेथी, पोकळा, वांगी यायला लागली. पापडाचा डबा पुन्हा खोक्यावर चढला.

पौषातली एक पहाट. नदीकडून धुकं आलं होतं. राजमतीनं पहिलं चिपाड आपटलं, मुंग्या निघाल्या. दुसरं आपटलं, मुंग्या. पोत्यातल्या सगळ्याच चिपाडांत मुंग्यांनी संसार मांडला होता. पिल्लं, अंडी, सगळं गणगोत. ती एकेक झटकत बसली. हात गारठले, करवंट्या दमट, धूर तेवढा भरपूर. आतून आवाज आला, "अगं, पाणी? मला अभिषेकाला जायचंय!"

राजमतीनं डोळे पुसले. पुसता पुसता तिचं लक्ष त्या मुंग्यांकडं गेलं. बिचाऱ्या अंडी तोंडात धरून थंडीत कुठं कुठं पळत होत्या. आणि अचानक तिला हसू आलं.

त्या आठवड्यात पायी विहार करत एक आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, बस्तीत उतरल्या होत्या. दुपारी राजमती त्यांच्यापुढं बसली.

"माताजी, मला नियम द्या. वर्षभर बंब पेटवायचा न्हाय. चिपाडात जीव असत्यात. मुंग्यांची घरं जाळतो आपण."

"खरं आहे," माताजी म्हणाल्या. "आणि चूल?"

"चूल गॅसची हाय. त्यात मुंग्या न्हाईत."

माताजींनी तिच्या लाल डोळ्यांकडं जरा वेळ बघितलं. मग मोरपिसांची पिच्छी उचलून आशीर्वाद दिला. नियम अर्धा मुंग्यांसाठी होता हे खरंच. उरलेला अर्धा कुणासाठी, ते माताजींनी विचारलं नाही.

संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं. अण्णांचा घास तोंडातच राहिला. नियमावर बोलायचं काय? दोडक्याच्या बाबतीत ती एक शब्द बोलली होती का?

"बरं," अखेर ते म्हणाले. "त्यात काय? मी पेटवतो."

दुसऱ्या दिवशी मात्र पेटवायचं टाळून थंड पाण्याचाच प्रयोग झाला. पहिला तांब्या पडला आणि णमोकार मंत्र साऱ्या आळीला ऐकू गेला.

तिसऱ्या दिवशी अण्णा बंबापुढं बसले. राजमती वाकळ पांघरून, चहाचा कप धरून, दारात उभी.

"चिपाडं आपटा आधी."

"आपटतोय की."

"तशी न्हाय, दोन्हीकडनं. त्या टोकाला हाय बघा मुंगी."

अण्णांनी आपटलं, झटकलं, फुंकलं. बंबानं राजमतीच्या वतीनं सूड घ्यावा तसा धुराचा लोट त्यांच्या तोंडावर सोडला. अण्णा खोकत मागं सरकले. चष्मा काळा, मिशा राखाडी. भिंतीवरून बनाबाईचं डोकं उगवलं.

"अण्णा, म्हस विचारतीया, आज धूर लई का?"

त्या दिवशी अभिषेक झाल्यावर ते बस्तीत पोहोचले. असे आणखी काही दिवस गेले. एका पहाटे राजमतीला जाग आली तेव्हा बंब पेटलेला नव्हता. अण्णा नुसतेच पाटावर बसले होते, मांडीवर चिपाड आडवं, डोळ्यांतून पाणी.

"धूर न्हाय तर रडताय कशाला?"

"कालचा हाय अजून डोळ्यांत." त्यांनी चिपाड खाली ठेवलं. "तू रोज करत हुतीस हे?"

"मग कोण करत हुतं? म्हस?"

"बोलली न्हाईस कधी."

"बोललो असतो तर तुम्ही म्हणला असतासा, फुंकणी नवी आणू. फुकटची."

अण्णा हसले नाहीत. खरंच तसंच म्हणाले असते, हे त्यांना पटलं होतं. ते उठले, माळ्याकडं बघितलं, पण हात लावला नाही. "शब्द म्हंजे शब्द," ते पुटपुटले. "विकतची भाजी आल्याबिगार गिझर न्हाय." खुंटीवरची पिशवी काढली, मफलर गुंडाळला आणि थंड पाण्याचीसुद्धा आंघोळ न करता घराबाहेर पडले.

त्यांच्या आधी बनाबाईच धावत आली. मंडईत पोकळा विकायला बसलेली ती जुड्या तशाच टाकून आली होती.

"अक्का! अण्णांनी भाजी घेतली! आणि भाव केला न्हाय! भाजीवालीनं सांगितलं तेवढं दिलं की! ती बाईच घाबरली, म्हणाली, अण्णा, तब्येत बरी हाय न्हवं?"

मागोमाग अण्णा आले. उंबऱ्यावर थांबले, बनाबाईकडं बघून खाकरले, म्हणजे साक्ष नीट व्हावी. मग आत पाऊल टाकून पिशवी राजमतीच्या हातात दिली. आत हरभऱ्याचे हिरवेगार डहाळे होते, सोलाण्याचे.

"विकत आणलाय," ते मोठ्यानं म्हणाले. मग हळूच, "तुला सोलाण्याची आमटी आवडती न्हवं? लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाली हुतीस. स्लॅबवर काय हरभरा झाला न्हाय."

राजमतीनं पिशवीत तोंड घातलं. डहाळ्यांचा आंबूस वास घ्यायला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुपारी वायरमन आला. अण्णांनी खोकं स्वतः उघडलं, एक टाचणीही वाकू न देता. आतला थर्माकोल बाजूला ठेवला, त्यात मेथीची रोपं होणार होती. वायरमन बटणाविषयी सांगत होता तेव्हा अण्णा थर्माकोलला भोकं पाडत होते. ऐकत होती ती राजमती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीत शिरली. बाहेर अण्णा बटणापाशी पहाऱ्यावर.

"तापलं का? बंद करू?"

"करा की."

टक आवाज आला. राजमतीनं बादली भरून घेतली, निवांत अंगावर घेतली, मग दुसरी भरली. बटण बंद केलं तरी टाकीतलं पाणी गरमच राहतं, हे वायरमननं सांगितलेलं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. न्हाणीत नुसती वाफ होती. डोळ्यांत जायला धूर नव्हता. अण्णांपुरतं पाणी राखून ती बाहेर आली.

अण्णा आत गेले. बादली भरल्याचा आवाज आला. मग दार किलकिलं झालं आणि ओलं डोकं बाहेर आलं.

"अगं, बटण बंद हाय, तरी पाणी गरम येतंय!"

"व्हय?"

"व्हय म्हंजे? फुकट!" अण्णांचा चेहरा उजळला होता. "बनाबाई! ओ बनाबाई! ऐकलंसा का?"

भिंतीपलीकडं म्हस हंबरली. राजमतीनं केस झटकले आणि सोलाणा सोलायला घेतला.